प्रस्ताव क्रमांक चौदा

एल्म प्रेअरी, मिनेसोटा
रविवार, १२ ऑक्टोबर

आदरणीय कुया रोडॉल्फो यांस,
लायलचा नमस्कार.

तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? (उजवा असेल तर क्षमा करा. एर्लिंडा तुमच्याशी फोनवर बोलताना स्वतःच्या ज्या गुडघ्यावर हात ठेवायची, त्यावरून मी डावा धरून चाललो आहे.) साखर आटोक्यात असेल, मारिबेल आणि जावई बरे असतील, नातवाचा दात आला असेल. स्टॉक्टनला अजून उकडत असेल. इथे गेल्या मंगळवारी पहिल्यांदा दव गोठलं. टोमॅटोची रोपं झाकायला मी विसरलो, पण यंदा ती लावायलाही विसरलो होतो, त्यामुळे नुकसान काही झालं नाही.

‘कुया’ म्हणजे थोरला भाऊ, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तोवर ते तुमचं नाव आहे असं समजून मी नाताळच्या कार्डावर ‘श्री. कुया आणि कुटुंबीय’ असं लिहीत होतो आणि तुम्ही एकदाही दुरुस्त केलं नाहीत. खरं तर मी तुमच्याहून दोन वर्षांनी मोठा. पण एर्लिंडा म्हणायची, तुझं वय तुझ्या घरी, माझ्या घरात तू धाकटा. एकोणतीस वर्षं मी धाकटा होतो आणि ते मला मानवलं होतं.

आता क्षमा मागण्याचा भाग. तुमचं जूनमधलं पत्र मला मिळालं. फोनवरचे चारही निरोप मिळाले, ऐकलेसुद्धा. (तिसऱ्यात तुम्ही नुसतं ‘लायल’ म्हणून थांबलात आणि मागे मारिबेलचं कुत्रं भुंकत होतं. तो मी दोनदा ऐकला.) उत्तर का दिलं नाही याला चांगलं कारण नाही. पत्र हरवलं नव्हतं. तुम्ही वेगळ्या पानावर लिहून पाठवलेल्या सूचना, वर्ष पुरं झाल्यावर दुखवटा कसा उतरवायचा, त्या बाबांग लुक्साच्या विधीला काय काय लागतं, ते पान मी ऑफिसात नेऊन टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं, म्हणजे रोज नजरेसमोर राहील. राहिलं. जून, जुलै, ऑगस्ट, रोज सकाळी मी ते बघत होतो आणि त्यावर दुसरं काहीतरी ठेवत होतो. पुढे जे झालं ते त्या ट्रेमुळे झालं, म्हणजे माझ्यामुळे. तुम्हाला ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून हे लिहितो. (दुसऱ्या कोणाकडून कळण्याची तशी शक्यता नाही. पण मनाला लागून राहिलं होतं.)

माझी तब्येत चांगली आहे. जेवतो. गेल्या नोव्हेंबरात तुम्ही इथे नऊ दिवस होतात तेव्हा शेजारीपाजारी जी काचेची भांडी भरून आणून देत होते, बटाटा, खिमा आणि वर चीज, ते तुम्ही परत गेल्यावरही फेब्रुवारीपर्यंत चालू राहिलं. अकरा भांडी अजून माझ्याकडे आहेत, धुतलेली. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव आहे. परत करायला गेलं की आत बोलावतात आणि कसं चाललंय विचारतात, म्हणून ती स्वयंपाकघरात ओट्यावर आहेत. मी जेवायला पुढच्या खोलीत बसतो, कारण ओट्यावर जागा नाही.

तर आता समितीबद्दल. आमच्या कॉलेजात दर सप्टेंबरात एक समिती बसते. तिचं नाव बहुसांस्कृतिक व सामाजिक न्याय कार्यक्रम निवड समिती. वर्षभरात कोणते सहा कार्यक्रम करायचे ते ती ठरवते. नियमाप्रमाणे तिच्यात एक माणूस असा लागतो ज्याला स्वतःचा कुठलाच कार्यक्रम नको आहे. कॉलेजच्या खोल्या कोणाला, कधी द्यायच्या हे काम मी एकवीस वर्षं करतो. मला काहीच नको असतं अशी माझी ख्याती आहे, म्हणून यंदा मला घेतलं. अध्यक्ष आहेत इतिहासाच्या प्राध्यापक ग्वेंडोलिन थ्रॅशर. त्या गेल्या वर्षीच आल्या. बाई मनापासून काम करतात आणि ऐकताना डोळे मिटतात. जोसलिन प्रुइट कार्यक्रमांची सगळी जुळवाजुळव बघते, ती ऑगस्टमध्ये आली. भूगर्भशास्त्राचे एमेट ड्रूरी सक्तीने आले आहेत आणि प्रत्येक प्रस्तावावर एकच प्रश्न विचारतात: “जेवण आहे का?” आणि विद्यार्थ्यांच्या वतीने झैनब वारसामे आहे. तिसऱ्या वर्षाला आहे, मिनियापोलिसची, घरचे सोमालियातून आलेले. ती मला काका म्हणते. त्यांच्यात वडिलांच्या वयाच्या कोणालाही म्हणतात, असं तिने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, म्हणजे मी उगाच फुगून जाऊ नये.

पहिल्या बैठकीत मी एकच वाक्य बोललो. एकोणीस प्रस्ताव आले होते आणि त्यांतल्या सोळांना मोठ्या सभागृहात खुर्च्या गोलाकार मांडून हव्या होत्या, म्हणजे कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. मी म्हणालो, “खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत.” थ्रॅशरबाईंनी डोळे मिटले. मग त्या म्हणाल्या, “हे फार खरं आहे, लायल,” आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी खुर्च्यांबद्दल बोलत होतो. १९७१ साली स्क्रू मारले आहेत. पण तेव्हापासून मी गप्प बसलो की त्यात काहीतरी आहे असं सगळे समजू लागले आणि मी गप्पच बसतो, त्यामुळे त्यात बरंच काही साठत गेलं.

मत देण्याची पद्धतही सांगायला हवी. इथे हात वर करत नाहीत, कारण त्यात कोणीतरी हरतं. मूठ पुढे करून अंगठा दाखवायचा. वर म्हणजे मान्य, खाली म्हणजे अजिबात नाही, आणि आडवा म्हणजे मनात शंका आहे, आणखी बोलू. एकाचा जरी आडवा असला तरी चर्चा पुढे चालते. तुम्हाला माहीत आहे, माझा उजवा अंगठा बर्फ काढायच्या यंत्रात सापडला होता. तो वर होत नाही. (एर्लिंडाने तो बांधला होता. आमची ओळख त्यातूनच झाली, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही.) पहिले तीन प्रस्ताव आम्ही प्रत्येकी चाळीस मिनिटं चर्चिले, मी मनाने तिन्हींच्या बाजूने असताना. चौथ्याला मी डावा हात पुढे केला. तोवर त्यांना माझ्या शंकांची सवय झाली होती. जोसलिन काळजीने म्हणाली, “आज काय झालं? इतकं चटकन?”

प्रस्ताव वाईट नव्हते. ओजिब्वे लोकांशी केलेल्या करारात ही जमीन कशी गेली ते त्यांच्याच वस्तीतल्या एका बाईंनी येऊन सांगायचं, हा सहावा होता आणि तो मला ऐकायचा आहे. रात्री वर्ग झाडणाऱ्या कामगारांना दिवसा वर्गात बोलवायचं, हा एक होता. परीक्षेच्या आठवड्यात कुत्री आणून मुलांना त्यांच्या पाठीवरून हात फिरवू द्यायचा असाही एक होता. तो सामाजिक न्यायात कसा बसतो हे झैनबने विचारलं तेव्हा ड्रूरी म्हणाले की कुत्र्यांना विचारा. आणि माजी विद्यार्थ्यांच्या नॉर्वेजियन मंडळाला क्षाराच्या पाण्यात फुगवलेल्या माशाचं जेवण घालायचं होतं. ‘आम्हालाही संस्कृती आहे’ हे वाक्य त्यात तीनदा होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण टॉर्गरसन आडनावाचा मी एकटाच. माझी आई दर नाताळला तो मासा करायची आणि आमचा तिच्यावर जीव होता म्हणून आम्ही खायचो. हे सांगावं की नाही याचा विचार करेपर्यंत त्यांनी तो प्रतीक्षा यादीत टाकला आणि माझ्या संयमाबद्दल माझे आभार मानले.

आता मुद्द्यावर येतो. समितीचा एक नियम असा आहे की प्रस्ताव कोणाचा हे वाचणाऱ्याला कळू नये. नाहीतर ओळखीच्याला झुकतं माप मिळतं. म्हणून जोसलिन सगळे कागद गोळा करून त्यातलं प्रत्येक नाव काळ्या मार्करने पुसते. माणसाचं नाव दिसलं की काळी पट्टी. कागद येतात माझ्या ऑफिसात, ठेवतो मी ट्रेमध्ये. एके दिवशी मी जेवायला गेलो असताना तिने ट्रे उचलून नेला. सगळाच.

तुम्ही नौदलाच्या कोठारात बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे तुम्ही काहीही मथळे घालून लिहिता, हे मी नेहमीच मानत आलो आहे. उद्देश. तारीख. माणसं. जेवण. लागणारं सामान. अडचण आल्यास. कॉलेजच्या अर्जातले मथळे जवळजवळ हेच आहेत, फक्त तुमचे जास्त नीट आहेत. २५ सप्टेंबरच्या बैठकीत आमच्यासमोर प्रस्ताव क्रमांक चौदा म्हणून जे पान आलं ते तुमचं होतं.

थ्रॅशरबाईंनी ते मोठ्याने वाचलं. “उद्देश: ज्यांनी वर्षभर दुःख धरून ठेवलं त्यांना ते खाली ठेवायला सांगणं. ज्याला जमणार नाही त्याच्या शेजारी बसणं.” मग तारीख, ९ नोव्हेंबर. “माणसं: येतील तितकी. कोणाला परत पाठवू नये.” “जेवण: काळी पट्टीच्या पद्धतीच्या शेवया. काळी पट्टीला कोबी आवडत नसे, तरी बाकीच्यांसाठी घालत असे. घालावा. एक ताट काळी पट्टीसाठी वाढून रिकाम्या खुर्चीसमोर ठेवावं.” त्या दर वेळी ‘काळी पट्टी’ असं म्हणत होत्या, कारण तिथे तेच होतं. मला वाटलं आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही.

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. ‘हे माझं आहे, चुकून आलं,’ एवढंच. पाच शब्द. मी ते मनात जुळवले. तेवढ्यात ड्रूरी म्हणाले, “जेवण आहे,” आणि चर्चा सुरू झाली.

कुया, पन्नास मिनिटं ते तिच्याबद्दल बोलत होते. हे कसं सांगावं कळत नाही. गेल्या नोव्हेंबरपासून माझ्यासमोर तिच्याबद्दल इतकं कोणी बोललं नव्हतं. लोक चांगले आहेत, माझा चेहरा बघून विषय बदलतात. इथे कोणाला माझा चेहरा बघायचं कारण नव्हतं. जोसलिनने विचारलं की ही काळी पट्टी स्वतःला न आवडणारा कोबी का घालत असेल. झैनब म्हणाली, “कारण जेवायला येणारे बाकीचे तिला जास्त आवडत असतील, अजून काय?” थ्रॅशरबाईंचं म्हणणं पडलं की नाव पुसून टाकलं तरी कोबी आवडत नसे एवढं मागे उरलं, यात सगळं आलं. रिकामी खुर्ची कोणाची, यावर त्या बराच वेळ बोलल्या. ती त्या सगळ्यांची, ज्यांना कधी बसायलाच मिळालं नाही, असं त्यांनी मांडलं. मला ते पटलं नाही (एर्लिंडा कुठेही बसायची, कोणालाही सरकायला सांगायची), पण ऐकायला बरं वाटत होतं. अर्जात ‘विद्यार्थी यातून काय शिकतील’ याचे तीन मुद्दे लिहावे लागतात. ते तुम्ही लिहिले नव्हते. त्याला त्यांनी धाडस म्हटलं.

मग मूठ पुढे करायची वेळ आली. माझा अंगठा नेहमीप्रमाणे आडवा. “लायलच्या मनात शंका आहे,” असं म्हणून त्यांनी आणखी वीस मिनिटं बोलून घेतलं. खरं सांगायचं तर तो खाली करता आला असता. खाली करायला अंगठा लागत नाही, मनगट वळवलं की झालं. मनगट माझं चांगलं आहे. मी वळवलं नाही. शेवटी डावा हात पुढे केला. चौदा क्रमांकाला सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

बैठक संपल्यावर सगळे गेले असं बघून मी ते पान खिडकीच्या काचेला लावलं. उन्हात धरलं की मार्करच्या खालची अक्षरं दिसतात. तुम्ही तिचं नाव त्या पानावर सात वेळा लिहिलं आहे.

पुढच्या आठवड्यात जोसलिनने जाहिरातीचा कागद आणला. वर ‘ओझं उतरवू या’ आणि खाली उडणारा पक्षी. मोठं सभागृह, एकशे साठ खुर्च्या (ठोकलेल्या), जेवणानंतर परिसंवाद. दारात नावनोंदणीचा तक्ता, म्हणजे किती जणांनी दुःख खाली ठेवलं याचा अहवाल पाठवता येईल. मी खोली नोंदवून दिली. माझं कामच ते. मग थ्रॅशरबाई म्हणाल्या की हा रिवाज फिलिपिनो दिसतो, ठाऊक असलेलं कोणी सोबत असल्याशिवाय आपण तो करणं बरं नाही. गावात कोणाच्या ओळखीचं कोणी फिलिपिनो आहे का? त्यांनी टेबलाभोवती एकेकाकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

बाहेर आल्यावर झैनबने मला जिन्यात गाठलं.

“काका, त्या दिवशी तुम्ही खिडकीशी काय करत होता? मी पाण्याची बाटली घ्यायला परत आले होते.”

“उजेड बघत होतो.”

“कागदातून?” ती म्हणाली, “ते नर्स एर्लिंडाचं आहे ना? पहिल्या वर्षी मला ताप होता तेव्हा ती रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून माझ्या खोलीवर यायची. सूप आणायची आणि वर म्हणायची, कोबी काढून टाक हवा तर, मीही काढते. मी वाचलं तेव्हाच ओळखलं. मला वाटलं तुम्ही बोलाल. मग वाटलं, बोलत का नाहीत? मग वाटलं, बरोबर आहे, हे कधी बोलतात!”

“गुरुवारी सांगणार आहे.”

“कुठल्या गुरुवारी? पोस्टर छापून झाल्यावर? एकशे साठ पोरं येतील काका, निम्मी हजेरीसाठी, आणि तुम्ही मागे उभे राहून खुर्च्या मोजाल.” मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “आमच्याकडे कोणी गेलं की दारात चपलांचा ढीग लागतो. महिनाभर घरात पाय ठेवायला जागा नसते, रडायलाही जागा नसते. तुमच्याकडे काय करतात?”

मी म्हणालो, “भांडी आणून देतात.”

“आणि मग?”

“मग ती परत करायची असतात.”

ती जिन्याच्या पायरीवर बसून हसली. तिला हसताना बघून मलाही थोडं आलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा, त्यामुळे सराव नसल्यासारखं झालं.

गेल्या गुरुवारी, म्हणजे ९ तारखेला, मी दोन वाक्यं लिहून खिशात ठेवून गेलो. पण मला बोलायला मिळण्याआधीच थ्रॅशरबाईंनी सांगितलं की त्यांनी फार विचार केला, कोणी जाणकार मिळाला नाही, तेव्हा लोकांचं दुःख उसनं आणून आपण त्याचा कार्यक्रम करणं योग्य नाही. चौदा क्रमांक काढून टाकू. त्यांनी हे अगदी जड मनाने सांगितलं आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांनी मूठ पुढे केली, अंगठा वर. जोसलिनने केली. ड्रूरींनी केली. झैनब माझ्याकडे बघत राहिली, तिचे हात मांडीवर.

मी मूठ पुढे केली आणि अंगठा जसा राहतो तसा राहिला. बाई म्हणाल्या, “बोल, लायल.”

खिशातला कागद राहिला खिशात. मी म्हणालो, “काळी पट्टी म्हणजे माझी बायको. तिचं नाव एर्लिंडा होतं. पान तिच्या भावाने लिहिलंय.”

थ्रॅशरबाईंनी या वेळी डोळे मिटले नाहीत. तोंडावर हात ठेवला. जोसलिन रडायला लागली आणि म्हणत राहिली की मी पुसलं, मीच पुसलं ते. मी तिला सांगितलं की उन्हात धरलं की दिसतं. त्यावर ती जास्तच रडली. मग कोणाला काय करावं सुचेना, म्हणून मी नियम सात सांगितला: ज्याचा प्रस्ताव आहे त्याने निर्णयाच्या वेळी बाहेर थांबायचं असतं. मी बाहेर जाऊन थांबलो. (ते म्हणत होते की गरज नाही. पण नियम मीच टाइप केला होता.) पॅसेजमध्ये मी फळ्यावरच्या जुन्या सूचना काढल्या आणि टाचण्या रंगांप्रमाणे लावल्या. पंचवीस मिनिटांनी ड्रूरी बाहेर आले, माझ्या शेजारी उभे राहून टाचण्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “टॉर्गरसन, मी तिला ओळखत होतो. दर वर्षी फ्लूची सुई टोचायची ती. दुखायचं नाही.” मग थोड्या वेळाने, “कोबी घालावाच लागतो का?”

निर्णय असा झाला. चौदा क्रमांक अधिकृतपणे रद्द. त्याच्या जागी ओजिब्वे करारांचा सहावा आला. सभागृह सोडून दिलं. आणि ९ नोव्हेंबरला संध्याकाळी, परिसंवाद नाही, मुद्दे नाहीत, ही चौघं माझ्या घरी येणार आहेत. हे त्यांनी ठरवलं, मी नाही. मला विचारलं, तेव्हा मी गप्प होतो, आणि माझ्या गप्प बसण्याचा या समितीत काय अर्थ होतो ते तुम्ही वाचलंच आहे. जोसलिनने सवयीने विचारलं की नोंदणीचा तक्ता आणू का. झैनबने माझ्या वतीने पुढचं ठरवून टाकलं: भांड्यांच्या अकरा मालकिणींनाही बोलवायचं आणि जाताना ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. म्हणजे पंधरा माणसं. तुम्ही लिहिलंच आहे, कोणाला परत पाठवू नये.

तर आता माझी अडचण एवढीच. जपमाळेची प्रार्थना कुठून सुरू करायची ते मला माहीत नाही. नऊ दिवस तुम्ही म्हणत होतात तेव्हा मी स्वयंपाकघरात कॉफी करत होतो. कॉफी करायची होती हे खरं, पण इतकी नाही. शेवयांचंही तेच. एकोणतीस वर्षं खाल्ल्या आणि त्या भिजवतात की उकळतात हे मी सांगू शकत नाही. तेव्हा थोडक्यात लिहून पाठवलंत तर माझं मी निभावून नेईन. तुम्ही मुळीच त्रास घेऊ नये. गुडघा तसा असताना इतका प्रवास करायची काही आवश्यकता नाही आणि इथे थंडीही सुरू झाली आहे. उत्तर दिलं नाही त्याबद्दल राग मानू नये, किंवा मानावा, पण कळवावा.

मारिबेलला आशीर्वाद, नातवाला पापा.

तुमचा धाकटा,
लायल

ता. क. शेवया दुकानात चार प्रकारच्या आहेत. चारही आणून ठेवल्या आहेत.

ता. क. दुसरं: तुमच्या पानात एक गोष्ट राहिली आहे. वर्ष पुरं झालं की दुखवटा उतरवायचा, हे समजलं. प्रार्थना, जेवण, काळे कपडे काढून ठेवायचे, तेही समजलं. पण एवढं सगळं करून दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी सकाळी, काहीच उतरलेलं नाही असं दिसलं तर काय करायचं, ते ‘अडचण आल्यास’ या मथळ्याखाली नाही. तिथे तुम्ही पाऊस आला तर काय करायचं एवढंच लिहिलं आहे. शेजारी बसावं असं वर म्हटलंय खरं, पण ती सगळी माणसं रविवारी रात्री आपापली भांडी घेऊन घरी गेलेली असतील.

ता. क. तिसरं: त्रास घेऊ नये असं वर लिहिलं आहे. मी तुमचं विमानाचं तिकीट काढलं आहे, बुधवार ५ नोव्हेंबर, सॅक्रामेंटोहून, मधल्या वाटेकडची जागा, म्हणजे गुडघा लांब करता येईल. मारिबेलला ते कालच पाठवलं आणि तुम्हाला सांगू नको म्हटलं, म्हणजे तिने सांगितलं असेलच. परतीचं काढलेलं नाही. कुठल्या तारखेचं काढावं ते मला कळेना.